रात्रीची पिशवी

३ नोव्हेंबर

ताई, नमस्कार.

काल संध्याकाळी दवाखान्यातून घरी आलो. प्रोस्टेटचं ऑपरेशन व्यवस्थित झालं असं डॉक्टर म्हणाले. लघवीची नळी मात्र अजून आत आहे. ती बावीस तारखेला काढणार. तोपर्यंत दिवसा मांडीला बांधायची लहान पिशवी आणि रात्री दोन लिटरची मोठी.

हे सगळं कालच फोनवर सांगणार होतो. पण तुमच्या कानातलं मशीन शिट्ट्या मारत होतं आणि तुम्ही "कोण आलंय? कोणाला घातलंय?" असं विचारत होतात. मी एकच शब्द तीन वेळा ओरडून सांगितला. आज सकाळी खालच्या मजल्यावरचे टेलर जिन्यात भेटले आणि हळूच म्हणाले, "काका, झाली का मग?" म्हणून पत्र लिहितो आहे. तीस वर्षं तुम्ही पुरुषांच्या वॉर्डात सिस्टर होतात. तुमच्याजवळ लाजण्यात अर्थ नाही हे कळतं. तरी कागदावर बरं पडतं.

चिरंजीव आज दुपारच्या गाडीने परत गेला. रजा संपली. जाताना म्हणाला, "बाबा, रात्री एकट्याला जमलं तर उत्तम. नाही जमलं तर माझ्याकडे यायचं, आणि मग कायमचंच. घर सोडतोय म्हणून मी घरमालकांना कळवीन. सोळा तारखेला मुक्कामाला येतो, तेव्हा बघू." तो वाईट बोलला नाही. सूनबाईंनी माझ्यासाठी खोलीही रिकामी केली आहे. पण या घरात आम्ही दोघं एकतीस वर्षं राहिलो. हिला जाऊन आता कुठे सात महिने झाले. मला इथून हलायचं नाही. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

म्हणून रात्रीचं नीट शिकून घ्यायचं आहे. सुरुवात चांगली झालेली नाही. चौतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढले. शहरातली कोणती झडप कोणत्या कोपऱ्यावर आहे ते मला पाठ होतं. आणि काल रात्री पिशवी रिकामी केल्यावर तिची खालची तोटी बंद करायला विसरलो. पहाटे पाय खाली टाकला तेव्हा कळलं. चिरंजीव बाहेरच्या खोलीत झोपला होता. तो उठायच्या आत पुसून घेतलं. हे त्याला सांगू नये.

आपला


५ नोव्हेंबर

भावोजी,

घुमे ते घुमेच! ऑपरेशन होऊन घरी आल्यावर कळवता होय? लग्न ठरलं तेव्हा धाकटीने मला लिहिलं होतं, "ताई, मुलगा घुमा आहे, पण बरा आहे." त्यातला 'बरा' मी अजून शोधते आहे.

तोटीचं मनावर घेऊ नका. माझ्या वॉर्डात एका बँकेच्या मॅनेजरने सलग तीन रात्री तोटी उघडी ठेवली होती, आणि चौथ्या दिवशी मलाच म्हणाला, "सिस्टर, तुमच्या पिशव्या गळक्या आहेत." तुम्ही निदान कबूल तरी केलंत. आता तोटी बंद केली की मोठ्याने "बंद" म्हणायचं. एकटेच आहात, लाज कोणाची?

आधी महत्त्वाचं ऐका. दोन-तीन तास पिशवीत थेंब पडला नाही आणि ओटीपोट टम्म झालं, किंवा हुडहुडी भरून ताप आला, किंवा रक्ताच्या गाठी दिसल्या, तर मला पत्र लिहीत बसायचं नाही. त्याच घटकेला दवाखाना गाठायचा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. टपालाला दोन दिवस लागतात, मूत्राशय तेवढं थांबत नाही. जरा गुलाबी दिसली तर घाबरू नका, पाणी वाढवा.

बाकीचं सगळं तुमच्याच खात्याचं काम आहे. पाणी खाली वाहतं, वर चढत नाही. पिशवी कायम कमरेच्या खाली हवी, पण जमिनीला टेकता कामा नये. पलंगाच्या कडेला आकडा लावून टांगा. नळी मांडीला चिकटपट्टीने बसवा, पण थोडी सैल, कूस बदलली तरी ओढली जाणार नाही इतकी. अंगाखाली दबू द्यायची नाही, पीळ पडू द्यायचा नाही. पिशवी बदलण्याआधी साबणाने हात, आणि बदलल्यानंतरही हात. नळी आत जाते ती जागा रोज साबणपाण्याने धुवायची. पाणी भरपूर प्यायचं. आणि पोट साफ ठेवा, कुंथू नका.

काही उचलायचं नाही. पाण्याची बादलीसुद्धा नाही. वाकून फरशी पुसलीत ती शेवटची.

चिरंजीवांना मी काही सांगणार नाही. पण सोळा तारखेपर्यंत तुम्ही मला काय ते खरं लिहायचं. तेवढं कबूल असेल तर मी तुमची सिस्टर.

ताई


७ नोव्हेंबर

ताई, नमस्कार.

पत्र मिळालं. आता तोटी बंद केली की 'बंद' म्हणतो. पहिल्या खेपेला कुजबुजल्यासारखं म्हणालो, आता नेहमीच्या आवाजात म्हणतो.

खरं लिहायचं कबूल केलं आहे म्हणून लिहितो. दिवसाची लहान पिशवी ठीक चालते. मी घरात फिरतो, चहा करून घेतो, गच्चीत शंभर पावलं टाकतो. रात्रीचा हिशेब मात्र जुळत नाही. चार तारखेला सकाळी पिशवीत ७०० मिली होती, पाचला ६५०, सहाला ५००. पाणी तर मी तितकंच पितो. रात्री केव्हातरी कळ येते आणि नळीच्या बाजूने गळतं. उठून नळी हाताने उचलली की साठलेलं सगळं भळाभळा पिशवीत उतरतं. म्हणजे नळी तुंबलेली नाही. तिला उतार कमी पडतो. क्षितिजसमांतर पाईप टाकला की असं होतंच. आमच्या खात्यात नवा इंजिनियरसुद्धा ही चूक करत नाही.

त्यावर उपाय केला. पलंगाचे भिंतीकडचे दोन पाय दोन-दोन विटांवर घेतले. आता पलंगाला भिंतीकडून बाहेरच्या कडेकडे चांगला उतार आहे. मी काही उचललं नाही. टेलर आणि त्यांचे कारागीर वर आले होते. टेलर म्हणाले, "काका, हा पलंग आहे की घसरगुंडी?" मी चहा विचारला.

उताराने थोडा फरक पडला. अडचण एवढीच की आता मी स्वतःही घसरतो. म्हणून कमरेला लोड लावून झोपतो. असा तिरका पलंग प्रकृतीला चालतो ना, तेवढं कळवावं.

आपला


९ नोव्हेंबर

भावोजी,

विटा?

तीस वर्षांच्या नोकरीत मी पेशंटांचे नाना उद्योग पाहिले. एकाने पिशवी उशाशी घेतली होती, "डोळ्यांसमोर असलेली बरी" म्हणून. पण नळीला उतार मिळावा म्हणून अख्खा पलंग कलता करणारे तुम्ही पहिलेच. धाकटी असती तर तिने आधी विटा काढल्या असत्या आणि मग तुम्हाला.

अहो, उतार हवा आहे नळीला, तुम्हाला कशाला? पेशंट कडेला झोपतो, नळी मांडीवरून सरळ कडेखाली उतरते, पिशवी खाली लटकते. वीतभर आडवी, बाकी उभी. तुमची नळी एवढी लांब आडवी जाते तरी कुठून? पलंग भिंतीला चिकटवला कोणी? ऑपरेशनच्या गडबडीत सूनबाईंनी खोली आवरली आणि पलंगाच्या मोकळ्या बाजूला कपाट आणून ठेवलं, असं काही झालं आहे का? तसं असेल तर स्पष्ट लिहा, मी तिला गोड शब्दांत सांगते. पोर चांगली आहे, पण आवरायला लागली की माणसालासुद्धा आवरून ठेवते.

विटा आजच काढून घ्या. बाजूने गळतं आहे आणि कळा येताहेत, हे दवाखान्यात फोन करून सांगा. ते काय म्हणतात ते मला लिहा. आणि नीट निचरा होत नाही तोवर दर दोन तासांनी गजर लावून बघा.

आणि मला त्या खोलीचा नकाशा काढून पाठवा. मापांसकट. तुम्हाला बोलता येत नाही, पण काढता तर येतं.

ताई


११ नोव्हेंबर

ताई, नमस्कार.

विटा काढल्या. टेलर पुन्हा वर आले. ते नुसते हसले.

दवाखान्यात स्वतः जाऊन आलो. वॉर्डातल्या सिस्टरने पाणी सोडून नळी तपासली. नळी चांगली आहे, ताप नाही. "आजोबा, रात्री कुठेतरी नळी अडकत असेल, नीट बघा," असं म्हणाली.

नळी नीट वाहायला हवी म्हणून दोन रात्री खुर्चीत बसून झोपलो. खुर्चीत निचरा उत्तम होतो. पहिल्या रात्री १२०० मिली, काल १२५०. गळलं नाही, कळ आली नाही. पण पावलं सुजली आहेत आणि मान डावीकडे वळत नाही. सोळा तारखेला बाप खुर्चीत बसून झोपतो आहे असं दिसलं, तर चिरंजीव सकाळी सामान बांधायलाच घेईल. काल त्याचा फोन आला होता. "कसं चाललंय?" म्हणाला. "ठीक," म्हणालो.

नकाशा सोबत जोडला आहे. एकास वीस या प्रमाणात आहे. सूनबाईंनी काहीही हलवलेलं नाही, त्यांना बोलू नये. पलंग पहिल्यापासून भिंतीला लागून आहे. तो बाहेर ओढला तर कपाटाचं दार उघडत नाही. पलंगाची रुंदी १५० सें.मी. मी भिंतीकडे झोपतो. भिंत आणि पलंग यांच्यात पिशवी टांगायला फट नाही, म्हणून ती बाहेरच्या कडेलाच टांगावी लागते. पिशवीची नळी ११० सें.मी. आहे. त्यातले ७५ सें.मी. गादीवरून आडवे जातात. राहिले ३५. त्यात उतार कुठून येणार?

माझा प्रश्न असा आहे की औषधाच्या दुकानात या नळीला जोडायला आणखी एक मीटरची नळी मिळते का? मिळाली तर ती पायथ्याकडून फिरवून नेता येईल. तो मार्ग नकाशात तुटक रेषेने दाखवला आहे.

आपला


१३ नोव्हेंबर

भावोजी,

नकाशा मिळाला. सुरेख काढला आहे. भिंत, कपाट, कपाटाच्या दाराची फिरकी, खिडकी, नळी, पिशवी, सगळं आहे. भिंतीकडच्या अर्ध्या पलंगावर तुम्ही 'मी' लिहिलं आहे. बाहेरच्या अर्ध्या पलंगावर उशी काढली आहे, पायाशी घडी केलेली चादर काढली आहे, आणि त्याच्या मध्ये बारीक अक्षरात लिहिलं आहे, 'मोकळी जागा, ७५ सें.मी.'

मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. मग सूनबाईंना मनातल्या मनात जे बोलले होते ते मागे घेतलं.

भावोजी, जोडनळी मिळत नाही. मिळाली असती तरी मी सांगितली नसती. जितके जोड तितक्या जंतूंना वाटा. आणि तिची गरजही नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! तुमचा बाकीचा नकाशा बरोबर आहे. चूक फक्त 'मी' या शब्दाच्या जागेत आहे. तो पंच्याहत्तर सेंटिमीटर उजवीकडे हवा.

हे लिहिणं मला सोपं गेलं असं समजू नका. ती माझी धाकटी बहीण होती. तिची उशी तिथे आहे हे वाचून मला बरं वाटलं, हेही खरं आहे. पण एक सांगू? ती बाजू तिने काही हौसेने घेतली नव्हती. पहाटे पाणी यायचं, भरायला आधी तीच उठायची, म्हणून ती कडेला झोपायची. हे तिनेच मला सांगितलं होतं. "आमच्या पाणीपुरवठावाल्याला नळाला पाणी आलेलं कधीच कळत नाही," असं म्हणायची. उठणाऱ्याने कडेला झोपायचं, एवढाच त्या जागेचा नियम होता. आता उठणारे तुम्ही आहात. ती असती तर पहिल्याच रात्री तिने तुम्हाला ढोसून बाहेर काढलं असतं आणि स्वतः भिंतीकडे गेली असती.

आणखी एक गोष्ट तुमच्यापासून लपवली होती, ती सांगते. चिरंजीवांचं मला आठ तारखेलाच पत्र आलं होतं. "मावशी, बाबा मला 'ठीक' याच्यापुढे काही सांगत नाहीत. तुला लिहितात. रात्री जमत नसेल तर तू कळव, म्हणजे मी घराचं काय ते ठरवीन." मी अजून उत्तर दिलेलं नाही. देईन तेव्हा खोटं लिहिणार नाही, तुमच्यासाठीसुद्धा नाही. तेव्हा मला खरं तेच लिहिता येईल असं काहीतरी करा.

उशी बदलायची नाही. तीच घ्या.

ताई


१७ नोव्हेंबर

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र पंधरा तारखेला दुपारी मिळालं. रात्री पिशवी बाहेरच्या कडेला टांगली, तोटी बंद केली, 'बंद' म्हणालो. मग थोडा वेळ कडेवर बसून राहिलो आणि नंतर आडवा झालो.

त्या बाजूने रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड सरळ डोळ्यांवर येतो. एकतीस वर्षं मला हे माहीत नव्हतं. हिने कधी तक्रार केली नाही. की केली असेल आणि मी ऐकली नसेल, कोण जाणे. मी उठलो, खिडकीचा पडदा चार बोटं सरकवला आणि पुन्हा आडवा झालो. त्यानंतर झोप लागली. मधे एकदाही जाग आली नाही. सकाळी पिशवीत १३०० मिली. चादर कोरडी.

चिरंजीव काल सकाळी आला. दिवसभर माझ्याकडे चोरून बघत होता. रात्री म्हणाला, "मी इथेच झोपतो, तुमच्याजवळ." मी म्हटलं, "आत भिंतीकडे हो." तो माझ्या जागेवर झोपला. नळीला धक्का लागेल या भीतीने हात छातीवर बांधून, छताकडे बघत, अगदी ताठ. मी म्हटलं, "अरे, मला लागलीय नळी, तुला नाही. कुशीवर वळ." तरी वळला नाही. मग पाच मिनिटांत घोरायला लागला. तो घोरत असताना मला झोप लागायला वेळ लागला, एवढीच काय ती रात्रीची अडचण.

सकाळी त्याने स्वतः पिशवी उजेडात धरून आकडा वाचला. १३५०. मग पिशवी रिकामी कशी करायची ते विचारून घेतलं, हात धुतले, रिकामी केली. तोटी बंद करताना मी सवयीने 'बंद' म्हणालो. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, खरं सांगा. पहिल्या रात्रीपासून असंच चाललं होतं?"

हो म्हणणं सोपं होतं. पिशवी त्याच्या हातात होती, आकडा त्याने स्वतः वाचला होता. पण तुम्ही खोटं लिहिणार नाही म्हणालात, आणि मग मीच ते बोलायचं हे मला पटेना.

"नाही," म्हणालो. मग सगळं सांगितलं. उघडी राहिलेली तोटी, गळणं, विटा, लोड, खुर्ची. विटा कोपऱ्यात होत्या, त्याही दाखवल्या. "पण विटा कशाला?" म्हणाला. तेव्हा मी बाहेरच्या बाजूचंही सांगितलं. दोन वाक्यांत सांगितलं, पण सांगितलं.

त्याने एक वीट उचलून पुन्हा जागेवर ठेवली. मग म्हणाला, "आणि फोनवर रोज 'ठीक' म्हणत होतात."

"ठीकच होतो. ओला होतो, एवढंच."

त्यावर तो हसला. हसता हसता त्याचे डोळे भरले. त्याने तोंड फिरवलं आणि हात धुवायला गेला. हात तो आत्ताच धुऊन आला होता. माझ्यावरच गेला आहे, दुसरं काय.

निघताना चपला घालत म्हणाला, "मावशीला सगळं माहीत, आणि मला काही नाही." घराबद्दल विचारलं तर म्हणाला, "नळी निघू दे, मग बघू." एकवीस तारखेला रात्री परत येणार आहे. पुढे काय होईल ते मला माहीत नाही. पण तुम्हाला आता त्याला काय हवं ते खरं लिहिता येईल.

आपला


१९ नोव्हेंबर

भावोजी,

"ओला होतो, एवढंच." हे वाक्य मी शेजारणीला वाचून दाखवलं. तिला कशाबद्दल आहे ते सांगितलं नाही, तरी ती हसली.

तुम्ही माझं उत्तर लिहिण्याचं काम वाचवलंत. चिरंजीवांना मी एक ओळ पाठवली: 'तुझ्या बाबांनी तुला सांगितलं ते सगळं खरं आहे, आणि त्यांनी ते सांगितलं हे मी चाळीस वर्षांत पहिल्यांदाच ऐकते आहे.'

आता बावीस तारखेचं. नळी काढताना लांब श्वास सोडायचा, अंग ताठ करायचं नाही. एक चमक येते आणि संपतं. खरी परीक्षा त्याच्यानंतर. पाणी पाजून बसवतील आणि तुमची तुम्हाला होते का ते बघतील, मोजून. घाई करायची नाही, जोर करायचा नाही, एकदम तांब्याभर पाणी ढोसायचं नाही. पहिल्यांदा जळजळेल. काही दिवस थेंब थेंब सुटतीलही, त्यासाठी पॅड मिळतात, ते निमूट वापरायचे. आणि घरी आल्यावर बंद झाली तर तेच, तडक दवाखाना. इतके दिवस विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरलात, ते उतरलं की मोकळं मोकळं वाटेल.

तुम्ही चिरंजीवांना खरं सांगितलंत, म्हणून मीही एक सांगते. मी सात महिने तुमच्याकडे आले नाही. कान धड नाहीत, प्रवासात काही ऐकू येत नाही, असं कारण देत आले. ते खोटं आहे. बसला कान लागत नाहीत. तुमच्या दाराची बेल वाजवली की नेहमी तीच दार उघडायची. हात पुसत यायची आणि "आलीस का गं, किती उशीर!" म्हणायची, मी वेळेवर आले असले तरी. आता बेल वाजवून बाहेर उभं राहायचं मला जमत नाही. मी तीस वर्षं लोकांना धीर दिला, पण एका बेलचं बटण माझ्याने दाबवत नाही.

असो. तुम्ही नळीचं बघा. आकडा मला कळवा.

ताई


२४ नोव्हेंबर

ताई, नमस्कार.

नळी परवा निघाली. तुम्ही सांगितलं तसा लांब श्वास सोडला.

मग पाणी पाजून बाहेरच्या बाकावर बसवलं. माझ्यासारखेच आणखी दोन गृहस्थ तिथे होते. एक शाळेचे निवृत्त हेडमास्तर, दुसरे ट्रकचे ड्रायव्हर. तिघांच्या हातात पाण्याचे पेले. तिघंही समोरच्या घड्याळाकडे बघत होतो. तासाभराने ड्रायव्हर म्हणाले, "मास्तर, तुमचा नंबर आधी." मास्तर म्हणाले, "नाही हो, तुम्ही व्हा पुढे, मला घाई नाही." मी पाणीपुरवठा खात्यात होतो हे चिरंजीवाने त्यांना सांगून टाकलं. त्यानंतर दोघांनी माझ्याकडे जरा अपेक्षेने बघायला सुरुवात केली.

दोन तास चाळीस मिनिटं लागली. सिस्टरने भांडं उजेडात धरलं आणि दारातूनच मोठ्याने सांगितलं, "दोनशे वीस!" ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर उठून उभे राहिले आणि माझा हात हातात घेणार होते, पण तेवढ्यात त्यांनाच जावं लागलं. त्यांचे एकशे ऐंशी. ड्रायव्हरांचं आम्ही निघेपर्यंत झालं नव्हतं. पण संध्याकाळी त्यांचा फोन आला. तीनशे. आवाजावरून फार खूष होते.

दोन दिवस झाले, सुरळीत आहे. पॅड वापरतो. पहिल्या रात्री सवयीने कडेवर बसून पिशवी शोधली.

येताना रिक्षात चिरंजीव म्हणाला, "घरमालकांशी बोललो." रिक्षा सिग्नलला थांबली तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही राहताय म्हणून सांगितलं. महिन्यातून एकदा मी मुक्कामाला येत जाईन. भिंतीकडची बाजू माझी." पुढचा सिग्नल आला तेव्हा म्हणाला, "मला एक किल्ली द्या. उशिरा पोचलो तर तुम्हाला उठवायला नको."

या घराच्या दोन किल्ल्या आहेत. एक माझ्याकडे असते. दुसरी हिच्या पर्समध्ये होती, आणि पर्स कपाटात. सात महिने मी ती उघडली नव्हती. घरी आल्यावर उघडली. किल्लीबरोबर बसची दोन जुनी तिकिटं आणि एक पेन्सिल निघाली. पेन्सिल माझी आहे, ऑफिसातली. किल्ली चिरंजीवाला दिली. त्याने ती खिशात न ठेवता आपल्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली.

आज सकाळी चालत चौकातल्या किल्लीवाल्याकडे गेलो आणि माझ्या किल्लीवरून तिसरी करून घेतली. ती या पाकिटात आहे. तुमच्यासाठी आहे. बेल वाजवायचं कारण नाही. कधीही या, सरळ आत या.

किल्ली नवी आहे, पहिल्यांदा जरा अडेल. दार डाव्या हाताने आपल्याकडे ओढून धरा आणि मग फिरवा.

आपला
घुमा